जिभेवरची माती

"माती! माती शे ही!"

उखर्डू पाटलांनी तोंडातला गुळाचा खडा तळहातावर थुंकला, डोळे फाडून त्याच्याकडे पाहिलं आणि तिथेच गुडघे टेकले. मग अंजनी नदीच्या काठी चिंचेखाली जमलेल्या त्या गर्दीतून आरोळी उठली, "मधुनाथ महाराज की जय!" बायकांनी कानशिलावर बोटं मोडली. म्हाताऱ्यांनी डोळे पुसले. कुणीतरी उखर्डू पाटलांच्या पायावर डोकं ठेवलं. जणू चमत्कार त्यांनीच केला होता.

गूळ एरंडोलच्या बाजारातला, चांगला पिवळाधमक. त्याच ढेपेचा उरलेला तुकडा पोरांमध्ये वाटला होता आणि पोरं बोटं चाटत उभी होती. पोरांना गोड, पाटलांना माती. आता आणखी काय पुरावा हवा?

"देखो मायबाप, डोळे उघडून देखो!" मधुनाथबाबांचा चेला तोताराम पाटावर चढून ओरडू लागला. त्याची भाषा चार बाजारांत फिरून आलेली होती. "मधुमेह म्हणजे काय? गोडासूर! शुक्राचार्याचा सख्खा भाचा! हा असुर माणसाच्या जिभेवर ठाण मांडतो आणि लघवीवाटे मुंग्यांना जेवणाचं आवतन धाडतो. नाथांची हिरवी गोळी तोंडात विरघळली की असुर जीभ सोडून पळाला! मग गूळ खा, साखर खा, जिलेबी खा. जिभेला माती, ते पोटाला माती! डॉक्टरांच्या सुया फेकून द्या नदीत!"

गर्दीच्या मागे छत्री टेकवून उभ्या असलेल्या लीलाधर मास्तरांना शुक्राचार्याच्या त्या सख्ख्या भाच्याचं हसू आलं. पण ते ओठापर्यंत येऊन थांबलं. कारण पहिल्या रांगेत, बाबांच्या अगदी समोर, हात जोडून बसलेली बाई त्यांची थोरली बहीण अक्का होती. पाटलांच्या मागोमाग पुढचा नंबर तिचा होता.

बाबा स्वतः फारसं बोलत नसत. उंच, किडकिडीत माणूस, बोटं लांबलचक, आवाज इतका हळू की ऐकायला माणसाने पुढे वाकावं आणि वाकला की आपोआप पाया पडल्यासारखा दिसावा. त्यांनी अक्काच्या जिभेवर गोळी ठेवली, ती चघळायला लावली आणि तिच्या कपाळाला अंगठा टेकवून बराच वेळ काहीतरी पुटपुटले. मग तोतारामने गुळाचा खडा दिला.

अक्काने तो तोंडात घातला. तिचा चेहरा हळूहळू बदलत गेला. आधी नवल, मग भीती. आणि मग असा काही आनंद, की तो पाहून मास्तरांनी मान खाली घातली.

*

ताईबाई हे तिचं नाव, पण गावाला ती अक्काच. आई गेली तेव्हा लीलाधर रांगत होता. अक्कानेच त्याला वाढवलं, शिकवलं, मास्तर केलं. बाळंतपण असो, लग्न असो की मयत, अक्का आल्याशिवाय गावातल्या बायका चूल पेटवत नसत. अक्का जाईल तिकडे अर्धं गाव जाई.

या अक्काला मधुमेह झाला होता. चांगली धिप्पाड बाई बघता बघता वाळून काडी झाली. हंडाभर पाणी पिऊनही तहान भागेना. जळगावच्या डॉक्टर कय्युम शेखांनी रोग ओळखला आणि इन्सुलिनची सुई सुरू केली. सुई टोचायची कशी हे मास्तरांनी दवाखान्यात बसून शिकून घेतलं. इन्सुलिनची कुपी माठाशेजारी ओल्या फडक्यात असे. शाळेआधी एकदा आणि दिवेलागणीला एकदा मास्तर अक्काच्या घरी जात. ती दंड पुढे करी आणि दरवेळी म्हणे, "ल्हानपनी मी तुले चिमटा काढू, त्याना बदला लेस तू."

खाण्यापिण्याचं पथ्य मात्र तिने स्वतःच उभं केलं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, गोड बंद, भात बेताचा, पालेभाजी भरपूर. पावसाळ्यात अक्का बांधाबांधाने हिंडे आणि ओटीत तरोटा, घोळ, कुर्डू, कटुर्ले असं काय काय घेऊन येई. बाजरीची भाकरी आणि त्या भाज्या. अंगावर पुन्हा मूठभर मांस चढलं. ती शेतात जाऊ लागली. सगळं ठीक चाललं होतं. फक्त सणाला मातीच्या खापरावर पुरणपोळ्या भाजून दुसऱ्यांना वाढताना तिचा हात जरासा रेंगाळायचा, हे मास्तरांना दिसायचं.

त्या संध्याकाळी मास्तर सुई घेऊन गेले तेव्हा अक्काने दंड पुढे केला नाही.

"आते सुई नको, भाऊ. बाबानी रोग काढी टाका."

"अक्का, रोग असा निघत नाही. जीभ वेगळी, रक्त वेगळं."

"तुना समोर गूळ माले माती लागना ना? मंग?"

शाळेची भाषा मास्तरांच्या तोंडात पक्की बसली होती. अक्का त्यावरून त्यांना नेहमी चिडवायची, पण आज तिने चिडवलं नाही. ती समजुतीच्या सुरात म्हणाली, "तू शिकेल शे, म्हनीसन तुले शंका येस. माले मनी जीभ सांगस, तुना पुस्तकनं मी काय ऐकू?"

तिच्या जिभेला खरंच माती लागली होती. ती खोटं बोलत नव्हती. उखर्डू पाटीलही खोटं बोलत नव्हते. हेच तर मास्तरांना छळत होतं. खोटं बोलणाऱ्याला पकडता येतं. इथे सगळे खरं बोलत होते आणि तरी कुठेतरी काहीतरी भयंकर खोटं होतं.

*

नदीकाठी रोज नवी माणसं येऊ लागली. पारोळ्याहून, धरणगावहून बैलगाड्या येत. सकाळी मुंगीपरीक्षा असे. बाबांनी विभूती टाकून आखलेल्या चौकोनात रोग्याची लघवी ओतायची आणि सगळ्यांनी वाट पाहायची. मुंगी येत नसे, म्हणजे लघवीतली साखर गेली, रोग गेला. विभूतीचा सुवास दूरवर दरवळे. सभोवती लोक नाक भरून तो वास घेत आणि कृतार्थ होत. बऱ्या झालेल्या बाईने अंगावरचा एक दागिना नाथांच्या देवीला वाहायचा, असा नेम होता. गोडासूर सोन्याचांदीच्या वाटेनेच बाहेर जातो, असं तोताराम सांगे. असुराची ही आवड मोठी सोयीची होती.

आणि मग उखर्डू पाटलांचा पाय काळा पडला.

त्यांच्या पावलाला जुनी जखम होती. एरंडोलच्या दवाखान्यात पट्टी करून, गोड टाळून ती भरत आली होती. बाबांची गोळी घेतल्यापासून पाटलांनी पट्टी सोडली आणि जिलेबी धरली. जखमेवर बाबांची विभूती लागली. पाय सुजला, मग त्याला वास सुटला. पाटलांची बायको भिकुबाई एकदा सगळ्यांसमोर तोतारामला म्हणाली होती, "रोग गया तर जखम काब सडस?" तोताराम नुसता हसला होता.

पाटील तापाने फणफणून गेले. सरण पेटलं आणि तोताराम पुढे झाला. तो मोठ्याने बोलला नाही. त्याने फक्त एवढंच सांगितलं, "नाथांना फार दुःख झालं. गोळी खरी होती. पण घरात कुणाच्या तरी मनात शंका होती. शंकेच्या घरात असुर परत येतो."

सगळ्यांच्या माना भिकुबाईकडे वळल्या.

त्या दिवसापासून तिच्या ओट्यावर कुणी बसेना. नदीवर ती आली की बायका घागरी उचलून बाजूला होत. आणि गावात कुणाच्याही मनात शंका आली, तर तो ती घाबरून आतल्या आत दाबू लागला. आपल्या शंकेने आपलंच माणूस मेलं तर? बाबांनी गावाच्या तोंडाला असं कुलूप घातलं होतं, आणि ते मास्तरांना गोळीपेक्षाही भयंकर वाटलं. वर्गात पोरांना गणित अडलं तर विचारा म्हणणारे मास्तर स्वतः स्मशानात गप्प उभे राहिले होते.

*

पोळा आला. अक्काने खापर चढवलं आणि कितीतरी काळाने आपल्या ताटात पुरणपोळी वाढून घेतली. आधी गोळी चघळायची, मग खायचं, हा बाबांचा नियम. पोळी मातकट लागली तरी तिने ती खाल्ली. गोड खायची मोकळीक मिळाली, याचंच तिला सुख होतं. तिची तहान पुन्हा वाढली, ओठ सुकले. तोताराम म्हणाला, "असुर बाहेर निघतोय, आग होणारच." तिला मळमळ सुटली, पोट दुखू लागलं. तोताराम म्हणाला, "शेवटची झुंज आहे."

मास्तर सकाळ-संध्याकाळ सुई घेऊन जात आणि तशीच परत आणत. अक्काचा मुलगा अभिमन, मास्तरांपेक्षा हातभर उंच, शेवटी दारातच आडवा उभा राहिला.

"मामा, आते बस. मायनं मन दुखाडू नका. तुम्हना शंकाघाई तिले काही व्हयनं तर?"

मास्तर मागे वळले. जाता जाता त्यांची नजर ओसरीतल्या कोनाड्यावर पडली. तिथे केळीच्या पानात त्या हिरव्या गोळ्या ठेवल्या होत्या. त्यांनी त्यातल्या काही उचलून खिशात टाकल्या. यात आहे तरी काय, एवढंच त्यांना पाहायचं होतं. वाटेत त्यांनी एक गोळी तोंडात टाकून चघळली. हिरवट, किंचित कडसर, वाटलेल्या पाल्याची चव. तुळस होती, आणखीही काही होतं. अंगात काहीच झालं नाही. मास्तर निराश होऊन घरी आले.

प्रमिलाबाईंनी नवऱ्यापुढे चहाचा पेला ठेवला. मास्तरांनी घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"साखर नाही टाकली?"

"असं काय करता? हातानं टाकली. मीही तोच पीत आहे."

मास्तरांनी पुन्हा घोट घेतला. नुसतं कोमट, तुरट पाणी. त्यांनी पेला खाली ठेवला. मग उठून डब्यातली चिमूटभर साखर जिभेवर घातली. बारीक वाळू चावल्यासारखी ती दाताखाली कचकचली.

"मीठ आण," ते म्हणाले. मीठ खारट लागलं. मिरची तिखट लागली. लिंबू आंबट लागलं. फक्त गोड तेवढं नाहीसं झालं होतं.

"मला मधुमेह आहे का गं?"

"काहीतरीच काय बोलता!"

"नाही ना? मग माझ्या जिभेवरून कोणता असुर पळाला?"

प्रमिलाबाईंना आधी काही कळेना. मग कळलं आणि त्यांनीही एक गोळी मागून घेतली. साखरेची वाळू झालेली स्वतःच्या तोंडात अनुभवली, तेव्हा त्या नवऱ्याचा हात धरून म्हणाल्या, "चला. आत्ताच्या आत्ता अक्कांकडे चला."

*

घरात शिरतानाच वास आला. पिकलेल्या फळांची टोपली बंद खोलीत राहिली तर येतो तसा, आंबूस गोड. अक्का अंथरुणावर पडली होती आणि तो वास तिच्या श्वासाला होता. श्वास खोल, जोरजोरात चालला होता, जणू ती उभा चढ चढत होती. डोळे अर्धे मिटलेले. हाक मारली तर बुबुळं नुसती हलत.

उशाशी तोताराम बसला होता. पायथ्याशी अभिमन.

"समाधी लागली आहे," तोताराम कुजबुजला. "कुणी हात लावू नका. नाथांनी सांगितलंय, पहाटेपर्यंत देवी निर्णय देईल."

मास्तरांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. ते अभिमनसमोर जाऊन बसले आणि खिशातली गोळी पुढे केली.

"अभिमन, ही चघळ."

"काब?"

"मामा सांगतो म्हणून. एवढं ऐक, मग मला घराबाहेर काढ."

तोताराम उठला. "मंत्राशिवाय गोळी? सत्यानाश होईल!" पण अभिमनने गोळी तोंडात टाकली होती. प्रमिलाबाईंनी आतून गूळ आणला. अभिमनने तो चावला. चावता चावता त्याचं तोंड थांबलं.

"कसं लागतं?"

अभिमनने गूळ तळहातावर थुंकला.

"माती ना? मलाही माती लागली. तुझ्या मामीलाही लागली. तुले रोग शे का रे, अभिमन? तू रोज दोन पोती पाठीवर नेतोस. तुझ्या जिभेवर कोणता असुर होता?"

मास्तरांच्या तोंडून अहिराणी कधी निघाली, हे त्यांचं त्यांनाही कळलं नाही. अभिमनने आईकडे पाहिलं, मग तोतारामकडे. तोताराम दाराकडे सरकला होता. अभिमनने आणखी काहीच विचारलं नाही. तो उठला आणि बैल जुंपायला धावला.

मास्तरांनी माठाशेजारच्या कुपीतलं इन्सुलिन सोबत आणलेल्या सुईत भरलं. सुई बरोबर गेली. या वेळी अक्का काही बोलली नाही.

*

एरंडोलपर्यंत गाडी आणि तिथून मोटारीने जळगाव. चिखलात चाकं रुतत होती आणि अभिमन बैलांना शिव्या देत रडत होता. डॉक्टर कय्युम शेखांनी अक्काला पाहिलं मात्र, त्यांनी एकही प्रश्न न विचारता काम सुरू केलं. शिरेतून मिठाचं पाणी, पुन्हा पुन्हा इन्सुलिन, पुन्हा पुन्हा तपासणी. मास्तर आणि अभिमन व्हरांड्यात बसून राहिले. अक्काने डोळे उघडून पाणी मागितलं तेव्हा अभिमन भिंतीकडे तोंड करून उभा राहिला आणि बराच वेळ वळला नाही.

मग डॉक्टरांनी मास्तरांनी दिलेली गोळी कुस्करून हुंगली, जिभेवर ठेवली आणि थुंकली.

"गुडमार," ते म्हणाले. "रानवेल आहे. पद्मालयाच्या जंगलात झुडपाझुडपावर सापडेल. नावातच सगळं आलं, गोडाला मारणारी. फक्त मारते ती जिभेवर. गोड ओळखायची जिभेची शक्ती थोडा वेळ बधिर होते, मग आपोआप परत येते. निरोगी, रोगी, तुम्ही, मी, सगळ्यांना सारखंच."

"म्हणजे पाला विषारी आहे?"

"छे! पाल्याने काय गुन्हा केलाय? वैद्य मंडळी जुन्या काळापासून मधुमेहात तो देतात. थोडा गुण असेलही, मी नाही म्हणत नाही. नीट तपासून पाहायला हवं. तुमच्या अक्का खातात त्या रानभाज्याही चांगल्याच. पोट भरतं, साखर हळू चढते. मीच खा म्हणतो. पण ज्या शरीरात इन्सुलिन तयारच होत नाही, तिथे कोणताही पाला सुईची जागा घेत नाही. गूळ जिभेला माती लागला तरी पोटात तो गूळच असतो, मास्तर. रक्ताला तो गूळच कळतो."

खाटेवरून अक्का हे सगळं ऐकत होती. ती बारीक आवाजात म्हणाली, "भाऊ, बठ्ठ्या बायका मना मागे तठे गयात ना?"

मास्तरांनी मान हलवली. गावातल्या सगळ्या बायका तिच्यामागे गेल्या होत्या.

"मंग सांगाले बी मीच जासु."

*

अक्का गावात परतली तेव्हा नदीकाठी तिच्या आधीच तिची कहाणी पोहोचली होती. तोताराम पाटावर उभा राहून सांगत होता, "यमाच्या दारातून नाथांनी ओढून आणली! देखो, चालत आली!" लोक तिच्या पायावर पडायला धावले. अभिमनने तिला हाताला धरून चिंचेखाली आणलं. तिच्यामागे मास्तर होते. काखेत पद्मालयाच्या रानातून तोडून आणलेल्या पाल्याची टोपली.

बाबांनी आशीर्वादाला हात उचलला.

"बाबा," अक्का म्हणाली, "माले नको. आज तोतारामले द्या गोळी. आनि वरथीन गूळ द्या."

लोक हसले. तोताराम हसला नाही.

"त्याला रोग नाही," बाबा हळूच म्हणाले.

"म्हनीसनच सांगस. रोग नही, तर गूळ गोड लागाले पाहिजे ना? देखू द्या बठ्ठ्यासले."

तोताराम पाटावरून उतरून मागे सरला. कुजबुज सुरू झाली. तेवढ्यात गावचा पैलवान पुना पुढे आला. पुनाला आयुष्यात पडसंही झालेलं कुणी पाहिलं नव्हतं. "मी खास तो पाला," तो म्हणाला. मास्तरांनी टोपलीतली पानं त्याच्या हातावर ठेवली. पुनाने ती बकरीसारखी चावली, वर भलामोठा गुळाचा खडा तोंडात टाकला आणि भुवया उंचावून उभा राहिला.

"माती," तो म्हणाला.

गर्दी थरारली. आणि त्याच वेळी, पहिल्यांदाच, बाबा मोठ्याने बोलले.

"मंत्राशिवाय पाला चावलास. सूर्य मावळायच्या आत तुझी जीभ झडेल!"

पुनाभोवतीची माणसं एकदम दूर झाली. त्याची आई झुंबरबाई किंचाळत आली आणि त्याच्या गळ्यात पडली. पुनाचा चेहरा पांढराफटक झाला. एवढा आडदांड माणूस, पण त्याने तोंडात बोटं घालून आपली जीभ चाचपली. मास्तर समजावू लागले, पण त्यांचा आवाज त्या आक्रोशात कुणाला ऐकू येईना. कुणीतरी ओरडलं, "मास्तरले हाकला!"

तेव्हा अक्का खाली बसली. तिने टोपलीतली चार पानं उचलली, सगळ्यांना दिसतील अशी वर धरली आणि तोंडात घालून चावली. गुळाचा कण जिभेला लावून थुंकला.

"माले बी माती. मना बी मंत्र नही. आते मनी बी जीभ झडू द्या. पुना, आठे मनाजोडे बस."

पुना तिच्याशेजारी बसला. अभिमनने पानं चावली आणि तोही बसला. प्रमिलाबाई बसल्या. मग एक म्हातारा, मग दोन तरण्या सुना. बाकीचे दूर, वर्तुळ करून उभे. ढगाआडून ऊन यायचं आणि जायचं. पुना मधून मधून गुळाला जीभ लावी आणि मान हलवी. माती. पुन्हा माती. झुंबरबाई देवाचं नाव घेत पुढेमागे डोलत होती. मास्तरांना सगळं ठाऊक होतं, स्वतः अनुभवलेलं होतं; तरी ते पुन्हा पुन्हा सूर्याकडे पाहत होते.

पुनाने पुन्हा जीभ लावली. थांबला. पुन्हा लावली.

"अक्का," तो लहान मुलासारखा म्हणाला, "गोड लागस."

"मोठ्यानं सांग."

"गोड! गोड लागस!" पुनाने अख्खा खडा तोंडात कोंबला. झुंबरबाई रडता रडता हसू लागली.

"नाथांनी दया केली! शाप मागे घेतला!" तोताराम ओरडला.

"मंग त्यासले सांग, पुन्हा द्या शाप," अक्का म्हणाली. "आम्ही आठेच बठेल शेतस."

आणि लोक हसले. त्या काठावर इतके दिवस कुणी असं हसलं नव्हतं.

मास्तरांनी मग साखरेचं पाणी मागवलं. अर्धं बाबांच्या विभूतीच्या चौकोनात ओतलं, अर्धं चार हात पलीकडे मोकळ्या जमिनीवर. मोकळ्या जमिनीवर मुंग्यांची रांग लागली. ती विभूतीपाशी आली आणि वळून गेली. मास्तरांनी चिमूटभर विभूती पुनाच्या नाकाशी धरली. "कशाचा वास?"

"कापूर."

"कापराजवळ मुंगी येत नाही. साखर असो की अमृत. ही मुंग्यांची परीक्षा नव्हती, आपल्या नाकाची होती, आणि आपण नापास झालो."

बाबा तोवर सामान गुंडाळून नदीकडे निघाले होते. चार तरुणांनी त्यांना आणि तोतारामला धरलं. काठ्या उगारल्या गेल्या, तेव्हा अक्का ओरडली, "हात नका लावा! फौजदारकडे लई जा!" दोघांना गाडीत घालून एरंडोलला नेलं.

गर्दी पांगू लागली. तेव्हा चिंचेच्या खोडाआड उभी असलेली भिकुबाई पुढे आली. ती आली तशा बायका सवयीने बाजूला झाल्या, मग शरमून थांबल्या. ती मास्तरांसमोर उभी राहिली. तिचे डोळे कोरडे होते.

"मास्तर, एक सांगा. मना मनमा शंका व्हती. ती खरी गोष्ट शे. मी कोनले खोटं सांगाव नही. मंग... मना घरवाला मना शंकाघाई मरना का?"

काठावरचे सगळे थांबले. मास्तरांनी डोक्यावरची टोपी काढली.

"नाही, वहिनी. पाटील गेले ते पट्टी सोडली म्हणून, गोड खाल्लं म्हणून, जखमेवर राख लावली म्हणून. तुमच्या शंकेने ते गेले नाहीत. या गावात खरा प्रश्न एकट्या तुम्हीच विचारला, रोग गेला तर जखम का सडते? तो प्रश्न आम्ही सगळ्यांनी तुमच्याबरोबर उभं राहून विचारला असता, तर पाटील आज जगले असते. जो माणूस सांगतो की विचारू नका, विचारलंत तर मराल, त्यालाच आधी विचारा. चावून पाहा, तपासून पाहा, शेजाऱ्याला विचारा, डॉक्टरला विचारा. खरं असेल ते विचारण्याने मरत नाही. माणसं मरतात ती न विचारल्याने."

भिकुबाई ऐकत उभी राहिली. मग ती तिथेच मटकन खाली बसली आणि नवरा गेल्यापासून पहिल्यांदाच मोकळेपणी रडली. अक्का तिच्याजवळ जाऊन बसली. एक एक करत गावातल्या बायका येऊन त्या दोघींभोवती बसल्या.